दवावरची दादर

जळगावच्या पिंप्राळ्याची वस्ती मागे टाकून शिवारात शिरावं, तर नोव्हेंबरअखेरीच्या सकाळी कुठेकुठे दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभी दिसते. पाऊस जाऊन कितीतरी दिवस झालेले. काळ्या जमिनीत मुरलेली ओल, थंडी आणि रात्रीचं दव, एवढ्यावर हे पीक निघतं. ताटांमधून चालत गेलं की बाह्या कोपरापर्यंत भिजतात. पीक अजून पोटरीत आहे, कणीस निसवायचं आहे.

ख्रिस्ती मंडळींचा आगमनकाळ याच दिवसांत येतो. नाताळाआधीचे चार रविवार, आणि दर रविवारी हिरव्या पानांच्या चक्रात एक मेणबत्ती वाढते. या काळाचं एक जुनं लॅटिन गीत यशया संदेष्ट्याच्या शब्दांवर रचलेलं आहे. त्यात आकाशाकडे मागणं आहे ते दवाचं. दादर पेरणाऱ्याला हे मागणं समजावून सांगावं लागणार नाही.

पण हे चार आठवडे आता उरलेत कुठे? डिसेंबर लागला की लाल टोप्या, केक, रोषणाई. वाट पाहण्याआधीच सण सुरू. आणि आशा म्हणजे पाठीवरची थाप झाली आहे: होईल सगळं नीट. भाव चढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवणाऱ्याला विचारा. पुढची खोली छतापर्यंत भरलेली, लेकरांच्या अंगाला खाज सुटलेली, आणि भाव तिथेच. त्याला थाप देऊन काय उपयोग?

ख्रिस्ती आशा ही थाप नव्हेच. ती परिस्थितीचा अंदाजही नव्हे. कुणीतरी येतो म्हणून शब्द दिला आहे, त्या शब्दावर आजचं काम करत राहणं, ही ती आशा. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांची हाक ‘मारानाथा’ अशी होती, म्हणजे ‘आमच्या प्रभू, ये’. ती हाक देणाऱ्यांचे दिवस काही सुखाचे नव्हते.

आणि सुखाची हमी त्या आशेत नसतेच, हे इथे जळगावातही दिसतं. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरलं आणि धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तिथे ‘बालकवी’ झाला. पुढे अहमदनगरला ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरात तो घरच्यासारखा राहिला. 5 मे 1918 रोजी, जळगावच्या पुढचंच स्टेशन जे भादली, तिथे तो रेल्वेखाली गेला. वय अवघं 27. टिळकांच्या घरात प्रार्थना कमी होती म्हणून का हे झालं? आशा धरणाऱ्याच्या वाटेत भादली येणारच नाही, असं ज्याला सांगायचं असेल त्याने त्या फलाटावर उभं राहून सांगावं.

वर्षभराने, मे 1919 मध्ये, टिळकही गेले. ओव्यांमधून ख्रिस्ताचं चरित्र सांगणारं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतलं होतं. थोडेच अध्याय झाले होते. ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेली, लग्नानंतर अक्षरं शिकलेली ही बाई. नवरा गेलेला, प्रपंचाची ओढाताण, आणि वही उघडून ती पुढच्या अध्यायाला बसते. उरलेलं जवळजवळ सगळं ‘ख्रिस्तायन’ तिच्या हातचं आहे. 1936 मध्ये ती गेली. पुस्तक छापून आलं ते त्यानंतर.