जातीला 'सांस्कृतिक फरक' म्हणू नका

आमच्या कंधार तालुक्यातली पोरं-पोरी आता पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला कंपन्यांत लागली आहेत. रुजू झाल्यावर त्यांना एका प्रशिक्षणाला बसवतात. विषय असतो सांस्कृतिक फरक समजून घेण्याचा. अमेरिकन माणूस थेट बोलतो, जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, जर्मन माणसाला उशीर खपत नाही, वगैरे वगैरे. चांगलं आहे, शिकावं. पण ही पोरं सांगतात की त्या सगळ्या व्याख्यानात 'जात' हा शब्द एकदाही येत नाही. चुकून आलाच तर त्याच पोतडीत कोंबला जातो : आपला देश विविधतेचा, प्रत्येकाची संस्कृती वेगळी, एकमेकांचा आदर करा, झालं.

आमचा आक्षेप या 'झालं'वर आहे.

वेगळेपण कसं सांभाळायचं हे कंधारच्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आमच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून उर्दूतले शब्द येतात. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे गेलात की तेलुगू कानावर पडते. नांदेडला गुरुद्वारा, कंधारला दर्गा, तालुक्यात बंजारा तांडे. बाजारात गोरमाटी बोलणारी बाई आणि दखनी बोलणारा बागवान एकमेकांशी भावावरून घासाघीस करतात, हसतात, घरी जातात. एखादा शब्द कळला नाही तर दोनदा विचारतात. खऱ्या सांस्कृतिक फरकाला एवढाच इलाज लागतो.

जातीचं तसं नाही. गाव आणि वस्ती एकच मराठी बोलतात, एकाच ज्वारीची भाकरी खातात, एकाच पावसाची वाट पाहतात. इथे न समजण्यासारखं काय आहे? गावाला आमच्याबद्दल सगळं माहीत असतं. माहीत असतं म्हणूनच अंतर राखलं जातं. जिथे अज्ञानच नाही तिथे ज्ञान देऊन काय साधणार?

ही गोष्ट बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात मांडली. तेव्हा त्यांचं वय होतं पंचवीस. त्यांचं म्हणणं असं की या देशात सांस्कृतिक एकता आहे, आणि म्हणूनच जातीचा प्रश्न उलगडायला अवघड जातो. मुळात एकसंध असलेल्या समाजाचे तुकडे पाडून ते बंदिस्त केले गेले. म्हणजे जात संस्कृतीच्या फरकातून उगवलेली नाही. शंभर वर्षं उलटून गेली, तरी कंपन्यांच्या प्रशिक्षकांना हे वाचायला सवड मिळालेली नाही.

'संस्कृती वेगळी' हे सभ्य कारण आमच्या जिल्ह्यात किती महाग पडतं ते पाहा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला, तेव्हा मराठवाड्याची अस्मिता, मराठवाड्याची संस्कृती धोक्यात आल्याची ओरड झाली. त्या अस्मितेच्या नावाखाली वस्त्या जळाल्या, टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ठार मारलं गेलं. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ उजाडला. जुनी गोष्ट झाली म्हणता? १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत अक्षय भालेराव या तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, अशी घरच्यांची फिर्याद आहे. जयंती हा आमचा सण. मग दुसऱ्याची संस्कृती समजून घेण्याचा तो धडा त्या गावात कुणी, कुणाला द्यायचा होता?

शहरात गेलं की हत्यार बदलतं. तिथे कुणी अंगावर येत नाही, आडनाव विचारतात. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ चा अभ्यास आमच्या प्रत्येक पदवीधराने वाचावा. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला पुढे बोलावलं जाण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाची तर एक-तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी पंचवीस एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असं ते सांगत होते, आणि त्याच मुलाखतींत उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारतो असंही सांगत होते. वडील काय करतात, घरात शिकलेलं कोण, गाव कोणतं. आता हे कोणत्या संस्कृतीचं कुतूहल?

इथे एक गोष्ट मान्य करू. आमच्या भागातल्या मराठा, लिंगायत घरच्या पोरालाही पुण्यात हसतात. 'काय करायलास' म्हणालं की हशा पिकतो. तो फरक खराखुरा सांस्कृतिक आहे, आणि तो वर्षभरात मिटतो, कारण बोली बदलता येते, नाहीतर हसणारेच कंटाळतात. पण हीच दोन पोरं खोली शोधायला निघाली की वाटा फुटतात. 'तुम्ही कोण? नॉनव्हेज खाता का?' हा एकच प्रश्न दोघांना वेगवेगळ्या अर्थाने विचारला जातो. मटण मराठ्याच्या घरीही शिजतं की!

जेवणाचं नाव काढलंच आहे तर आयआयटी मुंबईबद्दल बोलू. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या हॉस्टेल १२, १३ आणि १४ च्या मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवली. त्याविरुद्ध मुलं त्याच टेबलावर जाऊन बसली, तर एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड. कारण काय, तर शेजारच्या ताटातल्या वासाने मळमळतं. कुणी ताटात काय घ्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, त्यावर आमचं काही म्हणणं नाही. पण टेबल ताटात येत नाही. शेजारी कोण बसू नये हे ठरवण्याला पंगत लावणं म्हणतात, आणि त्या पंगती आमच्या आजोबांनी बाहेरून पाहिल्या आहेत.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाबद्दल आहे. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या त्यात आहेत, आणि त्या का खाव्या लागल्या तेही आहे. ही खाद्यसंस्कृती कुणाच्या आवडीनिवडीतून झालेली नाही, गावाने जे दिलं नाही त्यातून झाली. कंपनीच्या 'फूड फेस्टिव्हल'ला त्यातला एक तरी पदार्थ कधी मांडला गेला का? डबा उघडताना आमची पोरगी कोपरा शोधते, आणि व्यवस्थापन म्हणतं, आमच्याकडे विविधतेचा सन्मान आहे.

परदेशातही हाच खेळ. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात 'जात' हा शब्द घातला. तेव्हा तिथल्या सवर्ण संघटनांनी आमच्या संस्कृतीवर हल्ला होतोय अशी बोंब ठोकली. कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या गव्हर्नरने नाकारलं. बघा, जातीचं नाव घेतलं की संस्कृती दुखावते. मग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं सांगणाऱ्यांनी आधी आपसात ठरवून घ्यावं.

म्हणून नोकरीवर असलेल्या आमच्या बहीण-भावांना एक काम सांगतो. कंपनीचं धोरणपुस्तक उघडा. भेदभाव कोणत्या कारणावरून चालणार नाही याची यादी त्यात असते : धर्म, लिंग, वंश, अपंगत्व. त्यात 'जात' आहे का पाहा. नसेल तर का नाही, असं एचआरला लेखी विचारा. एकट्याने विचारू नका, चार-पाच जण मिळून सह्या करा, आणि सह्यांत इतर जातींचे मित्रही घ्या, ते खरे मित्र असतील तर करतील. मिळालेलं उत्तर, किंवा न मिळालेलं उत्तर, आम्हाला कळवा. कोणत्या कंपनीला हा शब्द लिहिता येत नाही याची यादी आम्ही करतो आहोत.

जयभीम!