शस्त्रक्रियेची सोय तापीच्या कोणत्या तीरीं?

प्रकाशा हें गांव तापी व गोमाई यांच्या संगमावर वसलेलें असून भाविक लोक त्यास दक्षिणकाशी म्हणतात. काशीयात्रा करून आलेला मनुष्य येथें केदारेश्वराचें दर्शन घेतल्यावांचून आपली यात्रा पुरी झाली असें मानीत नाहीं. परंतु आज आम्हांस या गांवाविषयीं लिहावयाचें आहे तें तीर्थ म्हणून नव्हे, तर नाकें म्हणून. सातपुड्यांतून खालीं येणाऱ्या वाटांपैकीं एक शहाद्याकडून व दुसरी तळोद्याकडून येथें येऊन मिळते, आणि दोन्ही मिळून तापीवरील पुलानें नंदुरबारकडे जातात. धडगांवचा आमचूर याच वाटेनें नंदुरबारच्या बाजारांत उतरतो. आणि अडलेली बाळंतीण, पोटांत आंतडें फुटलेला मजूर, महूच्या झाडावरून पडून हाड कातडीबाहेर आलेला पोरगा, हींहि याच वाटेनें उतरतात. हातोड्याच्या पुलावरून जाणारे कांहीं असतील. पण तापी ओलांडणें कोणासहि चुकत नाहीं. आमचुराचें पोतें चार तास उशिरा पोंचलें तर व्यापाऱ्याचें फारसें बिघडत नाहीं. बाळंतिणीचें काय होतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

नंदुरबार येथें जिल्हा रुग्णालय आहे व २०२० सालापासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयहि सुरू झालें आहे, याचा आम्हांस मनापासून आनंद वाटतो. १९०६ सालीं खानदेशाचे दोन भाग होऊन पश्चिम खानदेश जिल्हा झाला तेव्हांपासून १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा वेगळा निघेपर्यंत, अक्राणीच्या मनुष्यास जिल्ह्याच्या ठिकाणीं काम पडलें म्हणजे धुळें गांठावें लागे. ती पायपीट संपली हें थोडें नव्हे. परंतु जिल्ह्याचें ठिकाण जवळ आलें म्हणजे सर्व सोयी जवळ आल्या असें समजणें हा सोयिस्कर भ्रम आहे. आगगाडीचेंच पाहा. सुरत-भुसावळ लोहमार्ग या जिल्ह्यांत तापीच्या दक्षिणेनेंच जातो. नवापूर व नंदुरबार त्याच्यावर आहेत, उत्तरेकडील चार तालुक्यांत रुळाचा तुकडाहि नाहीं. जेथें रूळ तेथें बाजारपेठ, जेथें बाजारपेठ तेथें कचेरी, जेथें कचेरी तेथें रुग्णालय, आणि जेथें एक रुग्णालय आहे तेथेंच त्याची पुढची इमारत, अशी ही माळ शंभरांवर वर्षें ओवली जात आहे. यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. प्रत्येक वेळीं जो तो अधिकारी जेथें सोय दिसली तेथें नवी सोय ठेवीत गेला, इतकेंच.

आतां २०११ च्या खानेसुमारीचे आंकडे पाहावे. जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५. तींत शेंकडा ६९ आदिवासी. तापीच्या उत्तरेकडील शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी या चार तालुक्यांत १०,०८,९९७ लोक, आणि दक्षिणेकडील नंदुरबार व नवापूर या दोहोंत ६,३९,२९८. म्हणजे शंभरांतील एकसष्ट लोक नदीपलीकडचे. त्यांतहि केवळ अक्कलकुवा व अक्राणी या दोन डोंगरी तालुक्यांत मिळून साडेचार लक्षांच्या आसपास माणसें राहतात. जी सोय एकसष्टांना नदी ओलांडून मिळते व एकोणचाळीसांना नदीअलीकडे मिळते, ती जिल्ह्याच्या मध्यावर आहे असें नकाशा कितीहि सांगो, आम्ही मानावयास तयार नाहीं.

तथापि हा प्रश्न केवळ डोकीं मोजून सुटणारा असता तर आम्हीं एवढा विस्तार केला नसता. डोकीं मोजलीं तर शहाद्याचा तालुका सर्वांत मोठा, ४,०७,७२८ लोकांचा. मग जें नवें यावयाचें तें शहाद्यासच यावें, असें कोणी म्हणेल व तो हिशेबानें चुकणार नाहीं. परंतु शस्त्रक्रियेचा हिशेब माणसांचा नसून घटकांचा आहे. बाळंतपणानंतर रक्तस्राव अनावर झाला तर बाई दोन तासांत दगावूं शकते. लॅन्सेट या वैद्यक नियतकालिकाच्या वतीनें जगांतील शस्त्रक्रियेच्या स्थितीचा विचार करण्यासाठीं जें मंडळ नेमलें होतें त्यानें २०१५ सालीं असें सांगितलें कीं, जगांतील ५०० कोटि लोकांस वेळेवर, निर्धोक व परवडेल अशी शस्त्रक्रिया मिळत नाहीं. आणि एखाद्या प्रांताची परीक्षा करावयाची तर तीन गोष्टी पाहाव्या: पोट फाडून मूल काढणें, पोट उघडून आंतील बिघाड दुरुस्त करणें, आणि उघड्या जखमेचें मोडलेलें हाड बसविणें. हीं तीन कामें जेथें होतात असें ठिकाण २०३० पर्यंत प्रत्येक देशांतील शंभरांपैकीं निदान ऐंशीं लोकांस दोन तासांच्या आंत गांठतां आलें पाहिजे, असा त्या मंडळाचा दंडक आहे. हा दंडक आम्हांस फार आवडला, कारण त्यांत खाटांची संख्या नाहीं, इमारतीचा खर्च नाहीं. फक्त घड्याळ आहे.

तें घड्याळ हातांत घेऊन कोणी मोलगीच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यावर उभा राहील काय? रुग्णवाहिका सडकेपर्यंत येते, पाड्यापर्यंत येत नाहीं. पाड्यापासून सडकेपर्यंत बांबूस बांधलेली झोळी आणि तिला खांदा देणारे चार भाऊबंद. नर्मदेकांठच्या, सरदार सरोवराच्या पाण्यानें वेढलेल्या गांवांस तर आधीं नांव शोधावी लागते. तेथें तरंगता दवाखाना चालतो तो चैनीसाठीं नव्हे. सडकेस लागल्यावर घाट, घाटाखालीं तळोदा किंवा शहादा, मग तापी, मग नंदुरबार. आणि नंदुरबारास भूल देणारा डॉक्टर मोकळा नसला किंवा रक्त जुळलें नाहीं तर पुढें धुळें अथवा सुरत. यांतील प्रत्येक ठिकाणीं थोडा थोडा वेळ जातो. कोणाचाहि अपराध नसतो, आणि बाई वाटेंत जाते.

हें सरकारास ठाऊक नाहीं असें नव्हे. डोंगरी व आदिवासी भागांस वेगळें माप लावावें हें तत्त्व नियमांत आलेलें आहे: सपाट प्रदेशांत १,२०,००० लोकांमागें एक सामुदायिक आरोग्य केंद्र, तर डोंगरी व आदिवासी प्रदेशांत ८०,००० मागें एक. माप सैल केलें हें बरें झालें. पण तें अद्याप डोक्यांचेंच माप आहे. ऐंशीं हजार माणसें शहाद्याच्या कापसाच्या व केळीच्या सपाटीवर राहतात तेव्हां तीं दहा-वीस कोसांत असतात. तींच सातपुड्यांत राहतात तेव्हां मध्यें किती दऱ्या आहेत हें नियमास दिसत नाहीं.

आमच्या प्रांतांत समतोलाची चर्चा कमी झाली असेंहि नाहीं. १९८३ सालीं प्रा. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली व तिनें निरनिराळ्या जिल्ह्यांचा अनुशेष काढून दाखविला. आरोग्यसेवा हीहि त्यांत होती. परंतु तें माप जिल्ह्याचें होतें, आणि त्या वेळीं अक्राणी धुळें जिल्ह्यांत होती. धुळें शहराच्या खाटा अक्राणीच्या नांवावर आपोआप जमा झाल्या. पुढें १९९४ सालीं वैधानिक विकास मंडळें झालीं, तीं विदर्भाचें एक, मराठवाड्याचें एक, आणि उरलेल्या सर्व महाराष्ट्राचें एक. त्या ‘उर्वरित’ महाराष्ट्रांत मुंबई आहे, पुणें आहे, आणि धडगांवहि आहे! लक्षाधीशाच्या आणि भिकाऱ्याच्या मिळकतीची सरासरी काढून भिकाऱ्यास सुखवस्तु ठरविण्याचाच हा प्रकार झाला. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली. मंडळें असोत वा नसोत, शस्त्रक्रियेच्या बाबतींत जिल्हा हें मापच अपुरें आहे. तालुकाहि अपुरा आहे. पाडा हेंच माप घेतलें पाहिजे.

येथें विचारी वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. ते म्हणतील, शस्त्रक्रिया ही किराणा मालाच्या दुकानासारखी गल्लोगल्लीं उघडण्याची वस्तु नव्हे. ज्या शल्यविशारदाच्या हाताखालून महिन्यास दोनच रोगी जातात त्याचा हात जड होतो. जें शस्त्रक्रियागृह आठवडाभर कुलूपबंद असतें त्यांत निर्जंतुकतेची शिस्त राहात नाहीं. शिवाय माणसें कोठून आणावीं? केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्याच्या आंकड्यांप्रमाणें देशांतील ग्रामीण सामुदायिक केंद्रांस जितके शल्यविशारद हवे आहेत त्यांत शेंकडा ८३ ची तूट आहे. तेव्हां डोंगरांत नव्या भिंती बांधून त्यांत कोळ्यांस जाळीं विणूं देण्यापेक्षां नंदुरबारचेंच रुग्णालय बळकट करावें हें शहाणपणाचें नाहीं काय?

अर्धा आक्षेप आम्हांस मान्य आहे. मेंदूची, हृदयाची, कर्करोगाची शस्त्रक्रिया धडगांवीं व्हावी असें आम्ही म्हणत नाहीं. ती नंदुरबारींहि न होतां नाशकास किंवा मुंबईस झाली तरी चालेल, कारण तेथें जावयास रोग्यास दिवस मिळतात. वर सांगितलेलीं तीन कामें मात्र दिवस देत नाहींत. त्यांसाठीं धडगांव येथें एक व अक्कलकुवा-मोलगी या पट्ट्यांत एक, अशीं दोनच ठिकाणें अहोरात्र चालतीं ठेवावीं, एवढीच आमची मागणी आहे. आणि ‘चालतीं’ या शब्दावर आमचा सर्व भर आहे. भिंत, दिवा व मेज म्हणजे शस्त्रक्रियागृह नव्हे. शस्त्र चालविणारा, भूल देणारा, नवजात मूल सांभाळणारी परिचारिका आणि रक्त, या चारांतील एक नसलें कीं उरलेले तीन निरुपयोगी. रक्ताविषयीं तर येथें विशेष दक्षता हवी. सातपुड्यांतील भिल्ल व पावरा लोकांत सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो, व अशा रोग्यास भूल देतांना व रक्त देतांना सपाटीवरची संवय पुरत नाहीं. भूल देणाऱ्यांची वाण आहे ही गोष्ट खरी. पण ती ओळखूनच सरकारनें साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांस जीव वांचविण्यापुरती भूल देण्याचें अठरा आठवड्यांचें शिक्षण देण्याची योजना काढली होती. अशा शिकलेल्या डॉक्टरांस शिक्षण संपतांच भलत्याच कामावर न पाठवितां धडगांवीं पाठविण्यास कोणती अडचण आहे?

आणि हात जड होण्याच्या भीतीवर उपाय नंदुरबारींच उभा आहे. वैद्यकीय महाविद्यालय नदीच्या दक्षिणेस असलें तरी त्याचे शल्यविशारद व भूलतज्ज्ञ आळीपाळीनें पंधरा-पंधरा दिवस डोंगरांत राहिले, तर त्यांचा हात महाविद्यालयांत चालता राहील व त्यांची सेवा डोंगरांत मिळेल. त्यांच्यासाठीं राहण्याजोगीं घरें बांधावीं, मुलांच्या शिक्षणाचा भत्ता द्यावा, आणि पाळी संपतांच हटकून परत आणावें. डोंगरांतील नेमणूक ही शिक्षा समजली जाते याचें कारण डोंगर नव्हे. तेथून परत बोलावण्याचा दिवस ठरलेला नसतो, हें आहे.

कोणी हेमलकशाचें उदाहरण देतात. १९७३ सालीं भामरागडच्या अरण्यांत जो लोकबिरादरीचा प्रकल्प सुरू झाला त्याचें मोल आम्ही जाणतों, व त्या मंडळींस आमचा आदर आहे. पण असें उदाहरण पुढें करून सरकारास स्वस्थ बसतां येणार नाहीं. पोस्टाचा जासूद संत असावा अशी अट आपण घालीत नाहीं; तरी त्यानें पत्र पोंचविलेंच पाहिजे अशी अपेक्षा करतों. शस्त्रवैद्याबद्दलहि तितकीच अपेक्षा असावी. १९४६ सालीं भोर समितीनें दहा ते वीस हजार लोकांमागें पाऊणशें खाटांचें एक केंद्र असावें असा दूरचा आराखडा मांडला होता. तो आराखडा पुरा होण्याची वाट आज कोणी पाहात नाहीं. आम्ही तर दोन लक्षांच्या तालुक्यांत रात्रीं दिवा लागणारें एकच मेज मागत आहों.

आतां आमच्या प्रकाशाच्या व शहाद्याच्या वाचकांस दोन शब्द. नवें रुग्णालय कोठें व्हावें असा प्रश्न निघाला म्हणजे गांवोगांव ठराव होतात, निवेदनें निघतात, आणि प्रत्येक गांव स्वतःचेंच नांव सुचवितें. प्रकाशाचा दावा तर सहज मांडतां येण्याजोगा आहे: चौफुली येथें, पूल येथें, यात्रा येथें, गुरु सिंह राशीस आला म्हणजे पर्वणीस लोटणारा समुदाय येथें. रुग्णालय आलें कीं औषधांचीं दुकानें येतात, खाणावळी येतात, जागेचे भाव चढतात, हें व्यापारी मंडळी आम्हांपेक्षां अधिक जाणतात. तरीहि आम्ही त्यांस विनंति करतों कीं, ही मागणी त्यांनीं करूं नये. प्रकाशाहून नंदुरबार आज दूर नाहीं. मोटार असली तर तासाच्या आंत मनुष्य तेथें पोंचतो. येथें नवें शस्त्रक्रियागृह झालें तर ज्यांना आजच एक सोय हाताशीं आहे त्यांस दुसरी मिळेल, आणि डोंगरांतल्या झोळीचा रस्ता फक्त शेवटच्या टप्प्यापुरता तोकडा होईल. शहाद्याची गोष्ट याहून निराळी आहे. तेथील रुग्णालय वाढविणें योग्यच, पण धडगांव व मोलगी यांच्या नंतर. प्रकाशाचे व्यापारी आपल्या सहीनें धडगांवासाठीं निवेदन धाडतील, तर त्या कागदास मंत्रालयांत जें वजन येईल तें धडगांवकरांच्या स्वतःच्या शंभर अर्जांस येणार नाहीं. कारण त्यांत स्वार्थ शोधूनहि सांपडणार नाहीं.

त्या निवेदनांत इमारत मागण्याआधीं एक कोष्टक मागावें. जिल्ह्यांतील प्रत्येक पाड्यापासून, जेथें रात्रीं दोन वाजतां पोट उघडतां येतें अशा सर्वांत जवळच्या ठिकाणापर्यंत, किती वेळ लागतो, हें सरकारनें मोजून प्रसिद्ध करावें. झोळीचा वेळ धरून, गाडीची वाट पाहण्याचा वेळ धरून. आणि ही मोजणी वैशाखांत करूं नये. ओढे कोरडे असतात तेव्हां सातपुडा फार जवळ दिसतो. ती श्रावणांत करावी, व मोजणाऱ्या अधिकाऱ्यानें पाड्यापासून सडकेपर्यंत स्वतः चालत यावें.