चाल गेली, नाच उरला

हिवरा आश्रम असो की मेहकर, आपल्या वऱ्हाडात नवरदेवाला घोडा हवाच. या हौसेला आमची ना नाही. पण तिच्यापायी घोड्याची जात नासू लागली आहे, हे सांगणे भाग आहे.

मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे खरे धन म्हणजे रेवाल चाल. चारही पाय एकामागून एक पडतात; स्वाराला हिसका म्हणून बसत नाही. ही चाल रक्तातून उतरते; तालमीने ती फार तर घोटली जाते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक आधी काय पाहते? रंग, उंची, अंगावरचे भोवरे आणि नाच! चालीची पाळी शेवटी. मग पैदास करणारा तरी चालीसाठी घोडी कशाला जपेल?

दुसरा अन्याय शिंगरांवर. घोड्याच्या पाठीचे मणके पुरते पक्के व्हायला पाच-सहा वर्षे लागतात, आणि आपण दोन वर्षांच्या पोराला ताशापुढे नाचवतो!

कोणी म्हणेल, मोटारींच्या काळात चाल कशाला? मग वरात मोटारीतूनच काढा की! भीमथडी घोड्याची जात म्हणून सरकारदरबारी नोंद व्हायला २०२३ साल उजाडले. इतकी उशिरा जाग पुन्हा नको.

शिंगरू घेण्याआधी त्याच्या आईला चालवून पाहा. वरातीचा घोडा ठरवताना त्याचे वय विचारा. बाजार गिऱ्हाइकाच्या नजरेने चालतो. आधी ती नजर सुधारली पाहिजे.