आज्जीच्या मशीनचं वय

चांदीकामाच्या आमच्या हुपरीत उजाळा देणं कुणाला शिकवावं लागत नाही. रिठ्याचं पाणी, पितळी तारेचा ब्रश, चार हात फिरवले की काळवंडलेली पैंजणं लखलखतात. त्याच सवयीनं मी आज्जीच्या शिलाई मशीनला हात घातला आणि पहिल्याच दिवशी चुकलो.

पायानं चालवायचं जुनं सिंगर मशीन. बिडाचं स्टँड, काळं अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी आणि सगळ्यावर वीस वर्षांचा तेलकट मळ. मी स्पिरिटचा बोळा फिरवला. बोटभर जागेतली वेल बघता बघता पांढरी पडली. या मशीनच्या रंगावर वरून चपडी लाखेचा पातळ हात दिलेला असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुतारानं हे सांगितलं असतं. मी विचारलं नाही. तो डाग आता कायमचा, आणि तो मला अजून लागतो.

त्यानंतर घाई सोडली. मळ काढला तो मशीनच्याच तेलात भिजवलेल्या मऊ फडक्यानं, रोज थोडा. चाक मात्र जागचं हलेना. घरोघरी मशीनला खोबरेल नाहीतर शेंगतेल घालायची पद्धत होती. ते वर्षानुवर्षं सुकून डिंकासारखं धरतं. तेलाच्या प्रत्येक भोकात संध्याकाळी रॉकेलचे दोन थेंब सोडायचे, चाकाला हलकासा हिसका देऊन बघायचं, जोर करायचा नाही. पाचव्या दिवशी चाक सुपारीएवढं सरकलं. आठव्या दिवशी पुरतं फिरलं आणि सुई खाली गेली. सुट्या भागांची चिंता नव्हती. हे पंधरा नंबरचं मॉडेल जगभर इतकं उचललं गेलं, की आज इचलकरंजीतल्या दुकानात मिळणारी सुई आणि बॉबीन त्याला बसते. खालच्या मोठ्या चाकावरून वर जाणारा पट्टा तेवढा नवा घेतला, गोल चामड्याचा.

मग वयाचा प्रश्न आला. घरात पक्कं ठरलेलं होतं की आज्जीच्या लग्नात, 1951 साली, पणजोबांनी नवं कोरं मशीन आणलं. सिंगरवर उजव्या बाजूला, तळपाटाच्या उंचवट्यावर नंबर कोरलेला असतो. आमच्यावर वाय हे अक्षर आणि पुढे सात आकडे निघाले. वाय मालिका स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याची. 1885 च्या सुमारास उभा राहिलेला तो अवाढव्य कारखाना 1980 साली बंद पडला, पण नंबरांची नोंद टिकली. आमचा नंबर 1929 च्या गठ्ठ्यात बसतो. ही तारीख कारखान्याला नंबर नेमून दिल्याची, मशीन तयार होऊन बाहेर पडल्याची नव्हे. पण म्हणून बावीस वर्षांचा फरक पडत नाही. शिवाय 1951 हे सिंगरच्या शंभरीचं वर्ष. त्या सुमाराच्या मशीनवर 1851 ते 1951 असं लिहिलेला बिल्ला असायचा. आमच्यावर तसला बिल्ला नाही.

बाबांना हे रुचलं नाही. ते काही न बोलता उठून आत गेले.

उत्तर मिळालं दात्यांखाली. सुईखालची पत्री काढली तर तिथं दोऱ्याचा आणि कापडाचा भुगा थरावर थर दाबून बसलेला. चिमट्यानं उचलला. वरचे थर मांजरपाटाचे, भुरकट पांढरे. आज्जी आयुष्यभर जे शिवत आली तेच हे: पैंजणं भरून परमुलखात न्यायच्या नाडीच्या थैल्या. गावातले फिरते व्यापारी डझनावारी घेऊन जायचे. पण अगदी तळाशी, लोखंडाला चिकटून, खाकी तंतूंचा जाड थर होता. आज्जीनं खाकी कधी शिवल्याचं कुणालाच आठवत नाही. आत्याला विचारलं. ती म्हणाली, “अरे, कुठल्याशा शिंप्याकडनं घेतलं होतं की. आईला ठाऊक होतं. पण सासऱ्यांनी नवं म्हणून आणलेलं, ती कशाला बोलंल?”

एका रंगाऱ्यानं नव्या वेलबुट्टीसह संपूर्ण अंग रंगवून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. सुईच्या अलीकडे, कापड सरकवताना तळहात टेकतो तिथं, सोनं पार झिजून काळं अंग गुळगुळीत झालंय. तेवढ्या झिजेत शिंप्याचा वाटा किती आणि आज्जीचा किती, हे कुठल्याच नंबरावरून कळायचं नाही. त्यावर रंग चढवणं मला जमणार नाही.

परवा आत्या येऊन मशीनवर बसली. पहिल्यांदा चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. तिनं तो पुन्हा ओवला, चाकाला हात देऊन पाय मारला आणि सोप्यात तो आवाज सुरू झाला. बाबा आतून आले, उभ्यानंच ऐकत राहिले. मग स्टुलावर बसून तिनं शिवलेल्या थैलीत नाडी ओवू लागले.