विहिरीचा तळ दिसतो त्याहून खोल असतो



उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या नांदेड-लातूरकडची पोरे विहिरीवर आणि शेततळ्यावर गोळा होतात. त्या दिवसांत पाणी कमी आणि नितळ असते. तळाचे दगडगोटेसुद्धा दिसतात. पोराला वाटते, पाणी कमरेइतकेच आहे. तो उडी टाकतो आणि पाय तळाला लागत नाहीत. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि ‘पोराचे नशीब’ म्हणून गप्प बसतो. बंधूंनो, ह्यात नशिबापेक्षा प्रकाशाच्या चालीचा भाग मोठा आहे. तो शाळेच्या पुस्तकात आहे, पण विहिरीच्या काठापर्यंत पोहोचलेला नाही.

आपल्याला एखादी वस्तू दिसते ती तिच्याकडून निघालेला प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून. हा प्रकाश सरळ रेषेत चालतो. म्हणून तर झाडाची सावली पडते. हवेतून तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, पाण्यातून मात्र सुमारे सव्वादोन लाख. म्हणजे पाण्यात त्याची चाल पाऊण होते.

आता आपली बैलगाडी आठवा. काळ्या मातीच्या चिखलातून गाडी तिरपी सडकेवर चढते तेव्हा एक चाक आधी कडक जमिनीवर येते. ते भरभर फिरू लागते, दुसरे अजून चिखलातच रुतलेले असते. मग गाडी आपोआप एका अंगाला वळते. तळाकडून तिरपा येणारा प्रकाश पाण्याबाहेर पडताना असाच वळतो. पण आपल्या डोळ्यांना हे वळण कळत नाही. प्रकाश सरळच आला असे धरून ते तळ वर उचललेला दाखवतात.

किती वर? अगदी वरून, सरळ खाली पाहिले तर चार हिश्शांतला एक हिस्सा. १२ फूट पाणी ९ फूट दिसते, ८ फूट पाणी ६ फूट. शासनाच्या योजनेतून झालेली बरीच शेततळी ३ मीटर, म्हणजे जवळजवळ १० फूट खोल आहेत. ती भरलेली असताना तळ दिसलाच तर तो साडेसात फुटांवर भासेल. काठावर उभे राहून तिरपे पाहिले तर ह्याहूनही उथळ.

आता साडेचार फूट उंचीच्या पोराचा हिशेब करा. पाणी ५ फूट आहे, पण त्याला दिसते पावणेचार फूट. तो म्हणतो, खांद्याइतके तर आहे. प्रत्यक्षात ते त्याच्या डोक्यावर अर्धा फूट असते. हा फरक जीव घेतो.

खात्री करायची असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर मुलांना जवळ बसवा. खोलगट वाटीत एक नाणे ठेवा. मुलाला हळूहळू मागे सरकायला सांगा आणि वाटीच्या कडेआड नाणे दिसेनासे झाले की थांबवा. मग नाणे हलू न देता वाटीत बेताने पाणी ओता. मूल जागचे हलले नाही, नाणे हलले नाही, तरी ते पुन्हा दिसू लागेल. मग मुलाला सांगा, विहिरीचा तळही तुला असाच फसवतो. दहा वेळा रागावण्यापेक्षा हे एकदा दाखवलेले जास्त ध्यानात राहते.

विहिरीत बादली पडली की आपण आरशाने ऊन आत पाडून ती शोधतो. प्रकाश आरशावर जेवढा तिरपा येतो तेवढाच तिरपा परततो, म्हणून आरसा हलवून उजेड हवा तिथे नेता येतो. पण बादली दिसली तरी ती दिसते त्याहून खाली असते. तेव्हा आकड्याची दोरी अंदाजापेक्षा जास्त सोडावी.

ऊन स्वतःहून थेट तळापर्यंत जाते ते वर्षातून दोन वेळा, सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा. आपल्याकडे हे दिवस मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात येतात. दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मिसर देशात इराटोस्थेनिस नावाच्या विद्वानाने विहिरीच्या तळाशी पडणारे ऊन आणि दूरच्या शहरातली सावली ह्यांचा मेळ घालून पृथ्वीचा घेर काढला होता. मुलांनी हा प्रयोग अंगणात काठी रोवून करावा, विहिरीत वाकून नव्हे.

आता कामाच्या चार गोष्टी. पाण्याची खोली डोळ्याने ठरवू नका. दोरीला दगड बांधून ती मोजा आणि किती परस पाणी आहे हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. पाणी गढूळ असेल तर तळ दिसतच नाही, तेव्हा धोका आणखी मोठा. शेततळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की पाय घसरतो आणि आत पडलेल्याला हाताची पकड मिळत नाही. म्हणून चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा, हवा भरलेली एक ट्यूब बांधून ठेवा आणि भोवती कुंपण करा. कोणी बुडताना दिसले तर पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. दोर, बांबू, लुगडे, जे हाताशी असेल ते टाकावे, आरडाओरडा करून माणसे जमवावीत आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा.

भगिनींनो, धुणे धुताना लहान लेकरू सोबत असते. त्याला काठापासून लांब, आपल्या नजरेसमोर बसवा.

शेततळ्याला आपण हजारो रुपये घालतो. दोर आणि ट्यूब ह्यांचा खर्च त्यापुढे काहीच नाही. ह्या आठवड्यात एवढे काम उरकून घ्या.