सहेरीच्या वेळेचा लोड

शहापूर-मुरबाडकडे अब्बांच्या काळातल्या कौलारू घराच्या जागी आता तळमजला आणि वर दोन मजले उभे राहतात. भावाभावांची, भाडेकरूंची मिळून सहा बिऱ्हाडे होतात. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि मेन स्विच बदलायची वेळ आली की एकच प्रश्न असतो: किती लोड घ्यायचा?

वायरमन साधारणपणे असा हिशेब मांडतो. दिवे-पंखे अर्धा किलोवॅट, गिझर २, दीड टनाचा एसी १.६, इस्त्री १. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन मिळून दीड. म्हणजे एका घराचे सुमारे साडेसहा, सहा घरांचे ४० किलोवॅट. सगळे एकदम चालत नाही, म्हणून ४० टक्के धरायचे: १६ किलोवॅट. तीन फेजवर वाटले तर प्रत्येक फेजला सुमारे २३ अँपिअर. ३२ अँपिअरचा मेन स्विच पुरेसा.

एरवी हे बरोबरच आहे. कोणी सहाला आंघोळ करतो, कोणी आठला. पण रमजानमध्ये सहाही घरे एकाच अर्ध्या तासात उठतात. शिवाय रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीत आणि २०३० मध्ये ऐन जानेवारीत सुरू होतो. म्हणजे पुढची काही वर्षे सहेरी आणि थंडी एकत्रच येणार, आणि वजूलाही गरम पाणी लागणार.

त्या अर्ध्या तासाचा हिशेब वेगळा करा. गिझर २, इंडक्शन शेगडी किंवा मायक्रोवेव्ह दीड, दिवे आणि फ्रिज अर्धा: एका घराचे ४ किलोवॅट. एका फेजवर दोन घरे, म्हणजे ८ किलोवॅट. ८००० भागिले २३० व्होल्ट, सुमारे ३५ अँपिअर. ज्या फेजवर १ एचपीचा पंप आहे, तिथे आणखी ५. झाले ४०. इथे ३२ चा स्विच ऐन सहेरीत पडणार, आणि मग कोणाच्या गिझरमुळे, यावर भावाभावांत बोलाचाली होणार. ४० वर पाव हिस्सा राखीव धरला की ५०. म्हणून मेन स्विच ६३ अँपिअरचा आणि केबलही ६३ पेलणारी घ्यावी. सिंगल फेजवर ४० अँपिअरपर्यंतच पुरवठा मिळतो, त्यामुळे इमारतीला थ्री फेजच हवा.

स्विच पडतो म्हणून फक्त मोठा स्विच किंवा जाड फ्यूज तार टाकू नका. त्याने वीज वाढत नाही. जुनी वायर भिंतीत तापत राहते आणि आग लागू शकते. गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, पक्के अर्थिंग आणि प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. ओल्या हातांच्या घरात यात काटकसर नको.

काम पुढच्या वर्षावर गेले असेल तर तोवर पाळ्या लावा. १५ लिटरचा गिझर १५ ते २० मिनिटांत तापतो. एका फेजवरच्या दोन घरांनी तो आळीपाळीने लावला तर ८ चे ६ किलोवॅट होतात, म्हणजे सुमारे २६ अँपिअर. टाकी तरावीहपूर्वीच भरून ठेवा. शेजाऱ्याचा हक्क असा साध्या गोष्टीतही पाळता येतो.

महावितरणकडे अर्ज करताना खरा लोडच लिहा. अनामत आणि स्थिर आकार वाचवायला तो कमी दाखवण्याचा मोह होतो. पण आळीचा ट्रान्सफॉर्मर ६३ केव्हीएचा असेल, तर तुमचे २५ किलोवॅट त्याचा मोठा हिस्सा आहेत. लपवलेला लोड अख्ख्या आळीला कमी व्होल्टेजच्या रूपाने भोगावा लागतो. हाही हक्कुल इबादचाच प्रश्न आहे.

मीटर प्रत्येक घराचा वेगळा आणि पंप व जिन्याच्या दिव्यांचा एक सामाईक घ्यावा. एखाद्या जुम्म्यानंतर सहाही घरांनी एकत्र बसून सहेरीला काय काय चालते याची यादी करावी आणि ती परवानाधारक ठेकेदारासमोर ठेवावी. आकडा तुमच्या घरातून निघाला, तर काम इन्शाअल्लाह एकदाच करावे लागेल.