बियाणे आले, पाणी आले; शेत राहील काय?

येत्या १६ ऑक्टोबरला जागतिक अन्न दिन नेहमीच्या इतमामाने साजरा होईल. १९४५ साली याच तारखेस संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना स्थापन झाली. १९७४ च्या नोव्हेंबरात रोम येथे जमलेल्या राष्ट्रांनी, दहा वर्षांत जगातील एकही मूल उपाशी झोपणार नाही, अशी प्रतिज्ञा केली. १९९६ साली त्याच रोममध्ये भुकेल्यांची संख्या २०१५ पर्यंत निम्मी करण्याचे ठरले आणि २०१५ उजाडले तेव्हा २०३० पर्यंत भूक शून्यावर आणण्याचा नवा संकल्प सुटला. तरीही २०२४ साली सुमारे ६७ कोटी माणसे अर्धपोटी होती, असा खुद्द संयुक्त राष्ट्रांचाच अंदाज आहे.

म्हणून हे सारे प्रयत्न फोल ठरले असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली 'आयआर-८' हे ठेंगणे, भरघोस कणसाचे वाण जगाला दिले. केरळातील पट्टांबीच्या संशोधन केंद्राने आपल्या देशी वाणाशी त्याचा संकर करून 'ज्योती' सिद्ध केले. हेच ज्योती आज गोमंतकात सरदीला आणि वायंगणाला डोलताना दिसते. पेडण्याच्या शेतकऱ्याने रोमचे नाव ऐकलेले नसेल. पण जगाच्या त्या उद्योगाचा एक दाणा त्याच्या कणगीत पडला आहे, हे निर्विवाद.

परक्या धान्यावर विसंबणे म्हणजे काय, हे गोव्याला निराळे सांगावयास नको. पोर्तुगीज अमदानीत येथले भात वर्षभर पुरत नसे आणि तूट ब्रह्मदेशाच्या तांदळाने भरून निघे. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि ती वाट खुंटली. पुढे पन्नाशीच्या दशकात खनिजाच्या पैशावर धान्य आणता येऊ लागले, तेव्हा पैसा असला की शेताची गरज नाही, अशी एक घातक समजूत आपल्या मनात घर करून बसली. ती अजून हललेली नाही.

वस्तुतः निसर्गाने आणि पूर्वजांनी आपल्याला कमी दिलेले नाही. खाजनांच्या खाऱ्या मातीत तग धरणारे 'कोरगुट' हे भात गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले. जुन्या गोव्यानजीक एला येथील केंद्रीय संशोधन संस्थेने त्यातूनच निवड करून 'गोवा धान' वाणे तयार केली. समुद्राची पातळी वाढत असताना हे बियाणे जगाच्याही उपयोगी पडावे असे आहे. पाण्याचे म्हणाल तर १९९० साली महाराष्ट्र व गोवा यांच्यात करार होऊन तिळारीचा संयुक्त प्रकल्प आकारास आला आणि त्याचे कालवे पेडणे, डिचोली व बार्देश या तालुक्यांत पोहोचले.

बियाणे आले, पाणी आले. पण शेत कोठे आहे? धारगळात तिळारीच्या ओलिताखालची जमीन बिगरशेती प्रकल्पांसाठी मोकळी केली जाते. मोपाच्या पठारावर विमानतळ आल्यापासून भोवतालच्या गावांत जमिनीचा भाव तिच्यात काय पिकते यावर नव्हे, तर ती रस्त्यापासून किती दूर आहे यावर ठरतो. डिचोलीत शिरगाव, मुळगावच्या शेतकऱ्यांनी शेतात खाणीचा गाळ पाहिला आणि विहिरी आटताना पाहिल्या. सार्वजनिक पैशाने कालवा खणायचा आणि त्याच्या काठची शेती सार्वजनिक आदेशानेच उठवायची, याला नियोजन म्हणावे काय?

जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. मजुरी परवडत नाही, गवे आणि माकडे पीक ठेवीत नाहीत, १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची 'कसेल त्याची जमीन' ही दुरुस्ती होऊनही कित्येक कुळांचे दावे निकालाविना पडून आहेत. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याने कर्ज कोठून काढावे आणि बांध कोणाच्या भरवशावर घालावा?

भातशेतीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा विधानसभेने २०२३ साली केला; त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु खासगी विक्रीला कुलूप लावून सरकारी रूपांतराचे दार उघडे ठेवण्यात अर्थ नाही. तिळारीच्या ओलिताखालील एकही शेत यापुढे वगळू नये, खाणीचा गाळ ज्याने सोडला त्यानेच उपसावा, खाजनांचे बांध आणि मानशी पावसाळ्यापूर्वी दुरुस्त व्हाव्यात आणि कुळांचे दावे ठरावीक मुदतीत निकाली निघावेत, एवढे तरी सरकारने करावे. जगाची भूक मिटविण्याची भाषा रोमला शोभते. आपल्या वाट्याचे काम पेडणे-डिचोलीच्या शेतांत आहे. तेथे एकदा काँक्रीट पडले, की कोणत्याही संशोधन संस्थेचे बियाणे त्यावर रुजणार नाही.